विरजण दिलं, दही नाही

आमच्या दीप्तीने संक्रांतीला अख्खी गुळाची पोळी खाल्ली, वर तुपाची धार घेऊन, आणि मी समोर बसून लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. लोक म्हणतील, त्यात काय एवढं! अहो, माझ्या या धाकट्या बहिणीच्या शरीरात वयाच्या नवव्या वर्षापासून इन्शुलिन तयारच होत नाही. प्रत्येक जेवणाआधी पोटात सुई. शाळेच्या सहलीत सुई, स्वतःच्या लग्नात पंगतीला बसायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन सुई. नवरा आणि सासर सोडून ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. आणि आता दिवाळीपासून तिने सुईला हात लावला नव्हता! तिच्या पोटात जिवाणू राहायला आले होते. साखर वाढली की ते इन्शुलिन सोडायचे, उतरली की गप्प बसायचे. त्या जिवाणूंना हे काम शिकवणाऱ्यांत मी होते. मग टाळ्या नको वाजवू?

माझं काम सांगते. कंटाळा करू नका, पुढची सगळी भानगड इथेच आहे.

हल्ली प्रोग्रॅम हाताने कुणी लिहीत नाही. काय हवं ते एकदाच सांगायचं, आणि तटस्थपणे सांगायचं, म्हणजे कुठल्याही यंत्राची बाजू न घेता. ही एक संख्या, हे हो किंवा नाही, ही वेळ. मग 'बहुरूपी' नावाची प्रणाली ते सगळं घेते आणि हव्या त्या भाषेत प्रोग्रॅम लिहून देते. नाव शोभतं तिला. माणूस एकच, आज शंकर होऊन दारात येतो, उद्या फौजदार होऊन. पण कुठल्या सोंगाला कुठला कपडा, हे आधी ठरलेलं लागतं की नाही? ते ठरवून ठेवतो जुळणीतक्ता. 'संख्या' म्हटलं की तिला इन्शुलिनच्या पंपाच्या भाषेत काय म्हणायचं, मनगटावरच्या घड्याळाच्या भाषेत काय म्हणायचं, हे त्यात असतं. तक्ता चुकला की बहुरूपी अगदी मन लावून चुकीचा प्रोग्रॅम लिहितो. मी, तृप्ती खराडे, हे तक्ते बनवते. मिरजेतल्या एका संशोधन रुग्णालयात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, डॉक्टर नाझनीन मुजावर, माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "तृप्ती, तुझ्यासाठी एक नवी भाषा आणलीय. चारच अक्षरं आहेत."

"चार अक्षरांत काय होतंय, मॅडम?"

"तू झालीस, मी झाले," त्या म्हणाल्या. "डीएनए!"

मी खुर्चीतून उठलेच. डॉक्टरांनी उपचार तटस्थ भाषेत सांगायचा, बहुरूपीने तो पंपासाठी न लिहिता दह्यातल्या जिवाणूच्या जनुकांत लिहायचा. म्हणजे मला पेशीच्या भाषेचा तक्ता करायचा होता, आणि असला तक्ता आमच्या इथे तरी कुणी केला नव्हता. काय दिवस होते ते! मी जेवताना बोलायचे तेच, झोपेत बडबडायचे तेच. पेशीत संख्या म्हणजे एखाद्या रसायनाचं कमी-जास्त प्रमाण. हो-नाही म्हणजे एखादं जनुक चालू किंवा बंद. वेळ म्हणजे हळूहळू विरत जाणारं रसायन, किती उरलंय त्यावरून किती वेळ गेला ते समजायचं. एकेक प्रकार जुळत गेला तशी मी हवेत तरंगायला लागले.

एक प्रकार मात्र अडला. 'माहीत नाही' हा.

संगणकाच्या भाषांत शून्य वेगळं आणि 'माहीत नाही' वेगळं. पेशीत तसं नाही. समजा, तुम्ही कुणाच्या दाराची बेल दाबली आणि कुणी आलं नाही. घरात माणूस नाही, की बेलच बिघडलीय? पेशीला हा प्रश्नच पडत नाही. रसायन नाही म्हणजे नाही, संपला विषय.

आता गंमत अशी, की प्रत्येक रोग्याची साखरेची मर्यादा वेगळी. ती जिवाणूंना कळावी म्हणून रोग्याने रोज सकाळी एक गोळी घ्यायची. गोळीत एक निरुपद्रवी रसायन, जितकं रसायन तितकी मर्यादा. साखर मर्यादेवर गेली की जिवाणूंनी इन्शुलिन सोडायचं. पण गोळीच घेतली नाही तर? रसायन नाही, म्हणजे पेशीच्या हिशेबी मर्यादा शून्य. आणि जिवंत माणसाची साखर शून्याच्या वरच असणार! म्हणजे जिवाणू इन्शुलिन ओतत सुटणार, साखर खाली खाली जाणार, आणि माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडणार.

"जोडीने पाठवू या," मी म्हटलं. "गोळीत दोन रसायनं घालू. एक मर्यादा सांगेल, दुसरं फक्त 'मी आलोय' म्हणेल. दुसरं आलंच नाही तर जिवाणूने पहिल्याकडे बघायचंच नाही, स्वस्थ बसायचं."

मुजावर मॅडमनी मान हलवली. "जनुकं वाढली की जिवाणू रेंगाळतो. दही लागायला दुप्पट वेळ घेईल. लोक कंटाळून सोडून देतील. आणि गोळी चुकली तर साखर मोजणारं मनगटावरचं घड्याळ बोंब मारेलच की."

"आणि ज्याच्या मनगटावर घड्याळ नाही तो?"

"अगं, जो रोगी नाही तो हे दही खाईलच कशाला?"

माझा फक्त हट्ट होता. तक्त्यात 'माहीत नाही' याला जागा नसणं मला घरात दार नसल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर आम्ही भांडलो. शेवटी मॅडम म्हणाल्या, दोन्ही तक्ते कर. निम्म्या रोग्यांना एकेरी जिवाणू, निम्म्यांना जोडीचा. कुणाला कुठला ते ना डॉक्टरला कळेल ना रोग्याला, ती माहिती पुण्याच्या समितीकडे बंद राहील. गोळी सगळ्यांना सारखीच, दोन रसायनांची. वर्षाने बघू कोण बरोबर.

दीप्तीने या चाचणीत नाव दिलं तेव्हा रुग्णालयाने माझ्याकडून लेखी घेतलं, की बहिणीशी दह्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, आणि काही बिनसलेलं दिसलं तर लगेच कळवेन. मी पाळलं. पोळीला टाळ्या वाजवल्या तेवढ्याच.

आणि दीप्तीनेही तिचे नियम पाळले. रुग्णालयातून जिवाणूंची एक बाटली मिळाली, तिचं दही लावलं, मग रोज कालच्या दह्यातून आजचं. रोज सकाळी दह्यात एक कागदी पट्टी बुडवायची, निळी झाली की जिवाणू जिवंत. नियमांच्या पुस्तिकेत जाड अक्षरांत छापलं होतं: हे दही इतर कोणालाही खायला देऊ नये. दीप्तीने फ्रीजमध्ये वेगळा कप्पा केला. नवऱ्यालासुद्धा चमचाभर चाखू दिलं नाही. इतकी काटेकोर पोरगी!

महाशिवरात्रीला रुग्णालयाला सुट्टी होती. मी दुपारी दीप्तीकडे निघाले. तिची कृष्णाई कॉलनी म्हणजे चार इमारती आणि मध्ये एक हॉल. हॉलमध्ये भजन चाललं होतं, कॉलनीतल्या झाडून साऱ्या बायका टाळ घेऊन बसलेल्या. दारातच शैलामावशी भेटल्या. या दीप्तीच्या समोरच्या, कॉलनीच्या अनभिषिक्त सरपंच. कॉलनीत पाण्याचा टँकर कधी येणार इथपासून कुणाच्या पोराने कुठली शाखा घ्यायची इथपर्यंत सगळं त्या ठरवतात.

"आलीस व्हय तृप्ती! ये. उपास हाय का न्हाई तुला?"

"आहे की मावशी. सकाळपासून चहावर आहे."

"चहावर कशाला? दही खा की! आम्ही समद्या आज दह्यावरच हाय. तुझ्या बहिणीच्या विरजणानं काय दही लागतंय गं बाई, कवडी पडल्यासारखं! आंबट म्हणून न्हाई. आता आख्ख्या कॉलनीत तेच चाललंय."

मी मावशींचा हात धरला.

"कुणाच्या विरजणानं, मावशी?"

"दीप्तीच्या! तिनं मला दिलं, मी रंजनाला दिलं, रंजनानं वरच्या मजल्यावर…"

पुढचं मी ऐकलंच नाही. दोन-दोन पायऱ्या चढत दीप्तीच्या घरी गेले. ती कवठाच्या चटणीत गूळ कालवत होती.

"दीपे! तू ते दही लोकांना दिलंस?"

ती चटणीचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "वेडी आहेस का? वाटीभर काय, चमचाभर दही कुणाला दिलं नाही मी."

"शैलामावशी म्हणतात दिलंस!"

"विरजण दिलं गं," ती म्हणाली. "दही नाही दिलं."

खरं सांगते, मला आधी हसूच आलं. कारण ती खोटं बोलत नव्हती! तुम्हीच सांगा, शेजारीण वाटी घेऊन दारात आली तर विरजणाला कोण नाही म्हणतं? ते काय खायला देणं असतं? दही आपलं, विरजण सगळ्यांचं. नियम लिहिणाऱ्या समितीतसुद्धा घरोघरी दही लावणारी माणसं होती, पण विरजण म्हणजे दही देणं हे त्यांच्याही डोक्यात आलं नसणार. पुस्तिकेत 'खायला' देऊ नये असं होतं. दीप्तीने खायला दिलं नव्हतंच.

"त्यांचं दही सारखं आंबायचं," दीप्ती म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला. "वाटी घेऊन आल्या. ताई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काहीतरी खायचं मागायला आलं होतं. नाहीतर मी म्हणजे, हे नको खाऊस, ते नको खाऊस. मला इतकं बरं वाटलं…" ती थांबली. "काय होईल गं त्यांना?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. त्यांनी गोळी घेतलेली नाही. तुझा जिवाणू एकेरी असेल तर त्यांच्या पोटात आत्ता इन्शुलिन सुटतंय. त्यात आज उपास, मुळातच पोटात काही नाही.

दीप्तीने कपाट उघडून साखर तपासायचं यंत्र काढलं, सुयांचा अख्खा डबा घेतला, निळ्या होणाऱ्या पट्ट्या घेतल्या. मी चटणीचं पातेलं उचललं. कवठ-गूळ उपासाला चालतो, देवाची कृपा! साखर उतरलेल्या माणसाला गुळासारखं औषध नाही, आणि तो खायला आज कुणी नकार देणार नव्हतं.

जिन्यात मी विचारलं, "तुझं दही लागायला वेळ लागतो का गं?" हा प्रश्न विचारायला मला बंदी होती. गेली खड्ड्यात ती बंदी.

"लागतो की. रात्रीचं लावलं तर दुपार होते. पण आंबट होत नाही."

जोडीचा जिवाणू रेंगाळतो! पण रात्रीच्या थंडीत तर कुणाचंही दही उशिराच लागतं, त्यावर माणसांचे जीव कसे सोडायचे?

हॉलमध्ये शिरून मी सरळ माइक घेतला. भजन थांबलं. म्हटलं, "बायांनो, रुग्णालयातर्फे साखरेची तपासणी आहे, फुकट, आत्ता, सगळ्यांची. दह्यावर उपास केलाय त्यांनी आधी या." फुकट म्हटल्यावर रांग लागायला वेळ लागला नाही. दीप्ती एकेकीचं बोट टोचत होती. वीस वर्षांपेक्षा जास्त सराव, कुणाला कळतसुद्धा नव्हतं. बोट टोचून झालं की आकडा काय येतोय ते बघायचं आणि लगेच हातावर चटणी ठेवायची.

शैलामावशी, ब्याण्णव. चांगली! पुढची अठ्ठ्याऐंशी. त्या पुढची शंभर. प्रत्येक आकड्याला मी "चांगली!" असं ओरडत होते, आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या, हिला झालंय तरी काय?

"रंजनाकाकू कुठे आहेत?" दीप्तीने विचारलं.

"ती पडलीय घरी," मावशी म्हणाल्या. "डोकं गरगरतंय म्हणाली. घाम सुटलाय."

आम्ही दोघी पळालो. पातेलं माझ्या हातात, चटणी निम्मी साडीवर. रंजनाकाकू भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडलेल्या. दीप्तीने त्यांचं बोट धरलं, टोचलं. यंत्र आकडा दाखवायला पाच सेकंद घेतं. त्या पाच सेकंदांत मी आमच्या कुलदैवतापासून शेजारच्या दर्ग्यापर्यंत सगळ्यांना नवस बोलून घेतले.

पंच्याण्णव.

"काकू, तुम्हाला काय होतंय?" मी जवळजवळ किंचाळले.

"काय व्हायचंय? चहा सोडलाय आज," काकू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "सकाळपासनं दोन वाट्या दही खाल्लं, पण चहा न्हाई मिळाला की माझं डोकं असंच फिरतं. आणि सुनेनं पंखा बंद करून ठेवलाय, घाम येईल न्हाई तर काय!"

मी त्यांच्या स्वयंपाकघरात घुसले, फ्रीजमधलं पातेलं काढलं, दह्यात पट्टी बुडवली. निळी! गडद निळी! जिवाणू जिवंत होता, काकूंनी सकाळपासून दोनदा वाटी भरून खाल्लेला होता, गोळीचा पत्ता नव्हता, आणि साखर पंच्याण्णव!

"जोडी आहे!" मी ओरडले. "दीपे, जोडी आहे! तो गप्प बसलाय! माहीत नाही म्हणून गप्प बसलाय!"

मी दीप्तीला उचलून गरागरा फिरवलं. काकू उठून बसल्या आणि दोघींना वेड लागलंय असं सुनेला हाक मारून सांगायला लागल्या. लागलंच होतं! कुठली समिती कॉलनीभर निरोगी बायकांना उपाशीपोटी हे दही खायला घालायची परवानगी देते? आणि इथे तर ते होऊनही गेलं होतं, आणि माझा तक्ता टिकला होता. अख्ख्या कॉलनीच्या पोटात टिकला होता!

घरी परत आलो तेव्हा दीप्तीने दार लावलं. तिचा चेहरा बघून माझा उत्साह जरा उतरला.

"ताई, आता कुणाला काही झालेलं नाही. खरं ना?"

"खरं."

"मग सांगू नकोस ना. मी आज घरोघरी जाऊन ते दही टाकून देते, काहीतरी कारण सांगते. पण रुग्णालयाला नको सांगूस."

मला कळलं ती कशाला घाबरतेय. जिवाणू बाहेर गेला तर चाचणी थांबवायची आणि सगळ्या रोग्यांच्या पोटातला जिवाणू मारक पुडी देऊन मारून टाकायचा, हा पुस्तिकेतला पहिलाच नियम होता. म्हणजे दीप्ती परत सुईवर. दिवसातून चार वेळा, मरेपर्यंत.

"दीपे, मी लेखी दिलंय…"

"तू काय दिलंयस ते दिलंयस! तुला एकदा तरी टोचलीय का ती? रोज? दिवाळीपासून मी पोटावर हात फिरवते ना, तर गाठी कमी झाल्यात माझ्या. तू तुझा तक्ता बरोबर निघाला म्हणून नाचतेस. माझं काय?"

ती रडायला लागली. मला तिचं सगळं पटत होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी गप्प बसायचं ठरवलंच होतं. कुणाचं वाईट झालं नव्हतं. बहिणीचं भलं होत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बरं. नाही सांगत. तुला जोडीचा मिळाला हे आपलं नशीबच म्हणायचं, एकेरी मिळाला असता तर आज…"

आणि मी तिथेच थांबले.

दीप्तीनेही डोळे पुसायचे थांबवले. "एकेरी कुणाला मिळाला?"

"निम्म्यांना."

"त्यांच्याकडे शेजारणी नाहीत?"

कोल्हापूर, जयसिंगपूर, गडहिंग्लज, विटा, जिथे जिथे आमचे रोगी तिथे तिथे फ्रीजमध्ये हे दही, आणि दारात वाटी घेऊन कुणीतरी. आज शिवरात्र. आज सगळीकडे उपास.

फोन माझ्या पर्समध्ये होता. पर्स तिच्या बाजूला. मी हात पुढे करायच्या आत दीप्तीने पर्स उघडली, फोन काढला, आणि मुजावर मॅडमचा नंबर तिनेच लावला.

"मॅडम, मी दीप्ती बोलतेय, चाचणीतली. मी माझं विरजण शेजाऱ्यांना दिलंय. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, पण बाकीच्यांनीही दिलं असणार. सगळ्यांना फोन करा, आत्ताच. आणि 'दही दिलं का' असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतील. 'विरजण दिलं का' असं विचारा."

तिने फोन ठेवला आणि खाली बसली. मी तिच्याशेजारी बसले. माझी बहीण, आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

पुढचे दोन तास म्हणजे नुसती धावपळ. पुण्याच्या समितीने कुणाला कुठला जिवाणू ती बंद यादी उघडली, रुग्णालयातली सगळी टीम सुट्टी सोडून फोनवर बसली, मी इथून बसले. आणि खरंच, जवळजवळ प्रत्येक घरातून एकच उत्तर: "दही? छे छे! विरजण? हो, ते दिलं की." एकेरीचं दही भराभर लागायचं आणि आंबटढाण व्हायचं, म्हणून बहुतेक शेजाऱ्यांनी त्याची कढी केली होती. उकळीत जिवाणू जगतोय कशाला! पण गडहिंग्लजला एका मास्तरांनी आवडीने आंबट दही खाऊन उपास केला होता. घरच्यांना वाटत होतं, उपासाने ग्लानी आलीय, झोपू द्या. आमचा फोन गेला तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते. त्यांच्या शेजारच्या आमच्या रोग्याच्या बायकोने पळत जाऊन त्यांच्या हिरड्यांना मध चोळला, आमची तिथली गाडी ग्लुकोजचं सलाइन घेऊन पोचली, आणि तासाभराने मास्तर उठून "माझा उपास मोडला काय?" असं विचारते झाले. हे फोनवर ऐकलं तेव्हा मी आणि दीप्ती एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो, रडलो, परत हसलो.

संध्याकाळी मुजावर मॅडम स्वतः कॉलनीत आल्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रोगी नसलेला माणूस हे दही कशाला खाईल ते." मग हॉलमध्ये बायकांना बसवून त्यांनी सगळं खरं सांगितलं. दीप्तीने त्यांना तशी परवानगी दिली होती, आजारासकट. पातेली गोळा झाली, प्रत्येकीने मारक पुडी घेतली. ती फार कडू असते म्हणे. कुणी कुरकुर केली नाही, हे कॉलनीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

शेवटची पुडी दीप्तीने घेतली. ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मग पिशवीतून इन्शुलिन आणि सुई काढून ती आत बाथरूमकडे निघाली.

"कुठं चाललीस?" शैलामावशी म्हणाल्या.

"सुई घ्यायचीय, मावशी."

"मग इथंच बस की. आम्ही काय परके हाय?"

दीप्ती खुर्चीवर बसली. पदर बाजूला केला, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचली. चार महिन्यांत सवय गेली होती, तिचा ओठ दाताखाली आला.

"कधीपासनं गं?" मावशींनी विचारलं.

"नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

मावशींनी पूजेच्या कापसाचा बोळा करून दीप्तीच्या हातात दिला. मग त्या मुजावर मॅडमकडे वळल्या. "मॅडम, ही तृप्ती मघापासनं नाचतीय, तिचा तो तक्ता की काय तो बरोबर निघाला म्हणून. मग बंद कशाला करताय?"

"एकेरी बंद झाला, कायमचा," मॅडम म्हणाल्या. "जोडीचा परत सुरू करता येईल. पण आजचं जे झालं ते समिती मानणार नाही, कारण ते परवानगीशिवाय झालं. ज्यांना आजार नाही, जे गोळी घेत नाहीत, अशा माणसांनी स्वतःहून पुढे येऊन महिनाभर ते दही खायला पाहिजे, रोज तपासून घ्यायला पाहिजे. आणि आजची बातमी उद्या पेपरात आली की कोण येणार सांगा? अशी माणसं मिळायलाच वर्ष जाईल माझं."

"किती माणसं लागतील?"

"चाळीस तरी."

शैलामावशींनी हॉलभर नजर फिरवली. रंजनाकाकू एव्हाना चहा पिऊन ताज्यातवान्या होऊन आल्या होत्या, त्यांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग त्यांच्या सुनेचा. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी, तबल्यावर बसलेली, दारात उभ्या राहिलेल्या, एकेक करत सगळ्यांचे. खुर्चीवर बसलेल्या दीप्तीने बोळा पोटावर दाबून धरला होता आणि ती मान खाली घालून हुंदके देत होती, मी शेजारी उभी राहून तिच्याहून मोठ्याने.

मुजावर मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पर्समधून पेन काढलं.

"पहिलं नाव कुणाचं लिहू?"

सगळ्या एकदम बोलल्या.